औद्योगिक गॅस: गळती शोधली की माणूसही वाचतो आणि गॅसही

गॅस वापरणाऱ्या बहुतेक कारखान्यांत सुरक्षेचं काम एका विभागाकडे असतं आणि गॅसचं बिल, विजेचा खर्च, कार्बनचा हिशोब दुसऱ्याकडे. आमच्या मते ही वाटणीच चुकते. ज्या सैल जोडातून नायट्रोजन रात्रभर वाया जातो, त्याच जोडाशेजारी सकाळी कुणीतरी वाकून काम करणार असतो. म्हणून या लेखात दोन्ही कामं एकत्र घेतली आहेत. आकडे दिलेत ते स्वतः करून पाहता यावेत म्हणून. अंतरं, परवाने आणि तपासणीची मुदत यांबाबत आपापल्या ठिकाणचा कायदा जास्त कडक असेल तर तोच पाळायचा.

पहिली पायरी: खोलीचा हिशोब

सिलिंडर कुठे ठेवायचा हे ठरवण्याआधी कागद घ्या. सगळा गॅस एकदम सुटला तर खोलीत ऑक्सिजन किती उरेल, हे काढायचं आहे.

४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बारने भरलेला नायट्रोजन किंवा आर्गॉन बाहेर आला की साधारण ७ घनमीटर होतो. द्रवाचा पसारा त्याहून मोठा असतो. १ लिटर द्रव नायट्रोजनचे सुमारे ७०० लिटर, द्रव आर्गॉनचे सुमारे ८४० आणि द्रव ऑक्सिजनचे सुमारे ८६० लिटर वायू होतात.

सूत्र सोपं आहे. खोलीच्या आकारमानातून सुटलेल्या गॅसचं आकारमान वजा करा, उत्तराला खोलीच्या आकारमानाने भागा आणि २०.९ ने गुणा. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर. एक सिलिंडर पूर्ण सुटला तर ऑक्सिजन १६.८ टक्क्यांवर येतो. त्याच खोलीत २५ लिटरचा द्रव नायट्रोजनचा ड्यूअर (अतिथंड द्रव ठेवायचं, थर्माससारखं निर्वात भिंतींचं भांडं) सांडला तर साडेसतरा घनमीटर वायू होतो आणि ऑक्सिजन १०.७ टक्के उरतो. कपाटं, यंत्रं यांनी अडवलेली जागा आधीच वजा करायला विसरू नका. भरलेल्या खोलीतला आकडा याहून वाईट निघतो.

१९.५ टक्क्यांखालची हवा ऑक्सिजन कमी असलेली धरतात आणि २३.५ टक्क्यांवरची ऑक्सिजन जास्त असलेली. दहा टक्क्यांच्या आसपास माणूस बेशुद्ध पडू शकतो. सहा टक्क्यांखाली दोन-चार श्वासांत कोसळतो. गुदमरल्याची जाणीवही होत नाही. श्वास घ्यायची ओढ लागते ती शरीरात साठणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळे, आणि शुद्ध नायट्रोजनमध्ये श्वास चालू असताना तो नेहमीसारखा बाहेर पडतच राहतो. अमेरिकेच्या केमिकल सेफ्टी बोर्डाने १९९२ ते २००२ या काळात तिथे नायट्रोजनने गुदमरून ८० मृत्यू झाल्याची नोंद केली आहे. नायट्रोजन विषारी नाही, वासही नाही. म्हणूनच लोक त्याला घाबरत नाहीत.

हिशोबात आकडा १९.५ च्या खाली आला तर तीनच मार्ग आहेत: सिलिंडर बाहेर ठेवून फक्त पाइप आत आणा, आत ठेवायचा साठा कमी करा, किंवा पंखा आणि सेन्सर दोन्ही बसवा.

दुसरी पायरी: सेन्सर कुठे आणि कोणता

आर्गॉन हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड आहे, कार्बन डायऑक्साइड दीडपट. द्रवातून नुकताच निघालेला थंड नायट्रोजनही जमिनीलगत पसरतो. या गॅससाठी सेन्सर आणि हवा ओढणारी जाळी खाली हवी, खड्डे आणि केबलच्या चरांपाशी तर नक्कीच. हायड्रोजन आणि हीलियमसाठी छताशी. सामान्य तापमानाचा नायट्रोजन हवेत जवळजवळ सारखा मिसळतो, म्हणून त्याचा सेन्सर नाकाच्या उंचीवर ठेवा. सेन्सर आत असला तरी आकडा दाखवणारा डिस्प्ले दाराबाहेर असलाच पाहिजे. आत शिरून वाचावा लागणारा इशारा काही कामाचा नाही.

कार्बन डायऑक्साइडसाठी ऑक्सिजन सेन्सरवर भिस्त ठेवणं ही आम्हाला सगळ्यात जास्त सतावणारी चूक आहे. हवेत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला की ती जागा जिवाला तत्काळ धोकादायक मानली जाते. तेव्हा ऑक्सिजन किती असतो? २०.९ गुणिले ०.९६, म्हणजे २०.१ टक्के. १९.५ ला लावलेला अलार्म अजून गप्पच असतो. हा गॅस फक्त ऑक्सिजनची जागा घेत नाही, स्वतः शरीरावर परिणाम करतो. त्याला स्वतंत्र सेन्सर हवा. आठ तासांच्या कामासाठी सर्वत्र रुळलेली मर्यादा ५,००० पीपीएम, म्हणजे अर्धा टक्का आहे.

ऑक्सिजनचे इलेक्ट्रोकेमिकल सेल साधारण दोन वर्षांत थकतात. बसवल्याची तारीख सेन्सरवरच लिहा आणि चाचणी गॅसने ठरलेल्या मुदतीत तपासा. अलार्म सारखा वाजतो म्हणून वायर काढून ठेवलेली दिसली, तर आधी गळती शोधा. सेन्सर बिघडला असेल हा विचार नंतर.

तिसरी पायरी: कुणी आत पडलेला दिसला तर

आत जायचं नाही. बाहेरून पुरवठा बंद करायचा, अलार्म द्यायचा, पंखे लावायचे आणि पाठीवर हवेचा सिलिंडर असलेला, प्रशिक्षण घेतलेला माणूस आत पाठवायचा. नाकातोंडावरचा फिल्टरचा मास्क इथे निरुपयोगी आहे. फिल्टर हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही.

२८ जानेवारी २०२१ रोजी अमेरिकेत जॉर्जियातल्या गेन्सव्हिल इथे कोंबडीच्या मांसावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यात द्रव नायट्रोजन फ्रीझरबाहेर सांडला आणि सहा जण गेले. द्रवाची पातळी मोजणारी बारीक नळी वाकलेली होती, त्यामुळे टाकी भरल्याचं यंत्रणेला कळलंच नाही. हवा तपासणारा अलार्म तिथे नव्हता. मृतांमध्ये काय झालं ते पाहायला, मदतीला आत गेलेले सहकारीही होते.

यातून दोन गोष्टी आपल्या जागी आजच तपासा. पुरवठा तोडणारा आणीबाणीचा व्हॉल्व्ह किंवा बटण धोक्याच्या खोलीच्या बाहेर आहे का, आणि रात्रपाळीच्या प्रत्येकाला ते डोळे मिटून सापडतं का.

टाकी, खड्डा, फ्रीझर यांत शिरण्याआधी गॅसचा पाइप नुसता व्हॉल्व्हने बंद करून चालत नाही. व्हॉल्व्ह आतून गळतात. पाइप सोडवून वेगळा करा किंवा ब्लाइंड प्लेट (पाइप पूर्ण अडवणारी भरीव चकती) टाका, कुलूप लावा, हवा मोजा, आणि बाहेर उभा राहणारा माणूस नेमा. त्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका.

चौथी पायरी: सिलिंडर घेताना, ठेवताना, उघडताना

रंगावर विश्वास ठेवू नका. रंगांचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, रंग उडतो आणि चुकूनही लागतो. लेबल वाचा. लेबल नसेल तर सिलिंडर परत. सोबत चाचणीची तारीख, व्हॉल्व्हची टोपी आणि बुडाचा गंज पाहा. सिलिंडर ओल्या जमिनीवर उभा राहतो, त्यामुळे गंज तिथून सुरू होतो.

साखळी सिलिंडरच्या मध्याच्या थोडी वर बांधा. ऑक्सिजन आणि ज्वलनशील गॅस यांच्यात ६ मीटर अंतर ठेवा, नाहीतर मध्ये किमान दीड मीटर उंच आणि अर्धा तास आग थोपवणारी भिंत हवी. भरलेले आणि रिकामे वेगळे ठेवा. रिकाम्याचा व्हॉल्व्हही बंद असायला हवा, उघडा राहिला की रात्री थंडीत आत हवा आणि ओलावा ओढला जातो.

रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरचा दाब कमी करून देणारं उपकरण, बसवण्याआधी त्याचा दाब ठरवणारा स्क्रू पूर्ण सैल करा. गेजच्या काचेसमोर उभं राहू नका, बाजूला राहा आणि व्हॉल्व्ह हळूहळू उघडा. सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडाला टेफ्लॉन टेप लावायची नसते. तिथे धातूवर धातू बसून किंवा वॉशरने सील होतं, आणि टेपचा तुकडा आत गेला तर रेग्युलेटर बंद होत नाही. जोड गळतोय म्हणून टेप लावावीशी वाटली तर समजा की सीट खराब झाली आहे किंवा चुकीचा रेग्युलेटर हातात आहे. ॲडॉप्टर बनवून जुळवण्याचा खटाटोप करू नका. वेगवेगळ्या गॅसना वेगळे आटे मुद्दामच दिलेले आहेत.

ऑक्सिजन

ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण हवेत जे जळत नाही ते त्याच्यात जळतं. तेलाचा हात, ग्रीस लावलेला पाना, साधा हवेचा रबरी पाइप, यांतलं काहीही ऑक्सिजनच्या लाइनला लागता कामा नये. व्हॉल्व्ह झटक्यात उघडला की १५० बारचा गॅस रेग्युलेटरच्या बंद टोकावर आदळून दाबला जातो आणि हिशोबाने त्याचं तापमान ९०० अंशांच्या वर जाऊ शकतं. तेवढ्या उष्णतेला ग्रीसचा एक डाग किंवा प्लास्टिकची सीट पुरते, मग पितळही पेटतं. ‘हळूहळू उघडा’ या सूचनेमागचं कारण हे आहे.

ऑक्सिजनने कपडे भिजले, म्हणजे गळतीच्या ढगात कुणी उभा राहिला, तर त्याने किमान १५ मिनिटं मोकळ्या हवेत थांबायचं. तोवर विडी-सिगारेट, ग्राइंडर, वेल्डिंग काही नाही. कपडे झटकायला किंवा घाम वाळवायला ऑक्सिजन वापरणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

ॲसिटिलीन

या सिलिंडरमध्ये सच्छिद्र भराव असतो, त्यात ॲसिटोन आणि ॲसिटोनमध्ये विरघळलेला गॅस. म्हणून तो उभाच वापरायचा. आडवा आला असेल तर ॲसिटोन खाली बसेपर्यंत उभा ठेवून थांबा. रेग्युलेटरनंतरचा दाब १ बारच्या पुढे नेऊ नका, कारण त्यापुढे मोकळा ॲसिटिलीन हवेशिवायही फुटू शकतो. शुद्ध तांब्याचा पाइप चालत नाही, तांब्याशी स्फोटक संयुग तयार होतं.

एका तासात सिलिंडरमधल्या गॅसच्या एक दशांशापेक्षा जास्त ओढू नका, आणि वापर सतत असेल तर एक पंधरांश. ६ घनमीटरच्या सिलिंडरमधून तासाला ६०० लिटर निघतात, सतत असेल तर ४००. मोठ्या हीटिंग टॉर्चला यापेक्षा जास्त लागतात. मग ॲसिटोन गॅसबरोबर बाहेर येतो, ज्योत बिघडते आणि पुढच्या भरणीला सिलिंडर कमी घेतो. उपाय म्हणजे दोन-तीन सिलिंडर मॅनिफोल्डवर, म्हणजे एकाच सामाईक पाइपाला, जोडणं. फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत उलटी पाइपात शिरू न देणारं उपकरण) ऑक्सिजन आणि ॲसिटिलीन या दोन्ही लाइनींवर, रेग्युलेटरच्या टोकाला हवेतच. सिलिंडर हाताला गरम लागला तर जागा रिकामी करा आणि आडोशाआडून पाणी मारा. असा सिलिंडर बराच वेळ उलटल्यावरही फुटू शकतो.

पाचवी पायरी: गळती शोधण्याची रात्र

ही पायरी महिन्यातून एकदा करा, काम बंद असताना. शेवटच्या टोकांचे सगळे व्हॉल्व्ह बंद करा, लाइन नेहमीच्या दाबावर आणा, दाब आणि तापमान लिहा, मग पुरवठ्याचा व्हॉल्व्ह बंद करून एक तास थांबा.

पाइपाचं आकारमान काढून ठेवा. आतला व्यास २५ मिलिमीटर आणि लांबी १०० मीटर असेल तर त्यात सुमारे ४९ लिटर जागा आहे. तासात दाब २ बारने उतरला तर ९८ लिटर गेले. दिवसाचे सव्वादोन घनमीटरच्या वर. म्हणजे दर तीन दिवसांनी एक सिलिंडर कुणीही न वापरता संपतो. तापमानाचं भानही ठेवा. गेजवर ७ बार म्हणजे वातावरणाचा दाब धरून ८ बार, आणि लाइन १० अंशांनी थंड झाली तर गळती नसतानाही पाव बारच्या आसपास दाब उतरतो.

मग साबणाचं पाणी, पण भांडी घासायचं नाही. त्यातल्या क्लोराइडने स्टेनलेस स्टीलला तडे जातात आणि काहींतल्या स्निग्ध पदार्थांमुळे ते ऑक्सिजनला चालत नाही. गळती तपासायचं तयार द्रावण घ्या आणि ते ऑक्सिजनसाठी चालतं असं लिहिलेलं पाहा. आधी होजची दोन्ही टोकं, मग क्विक कपलर, रेग्युलेटरचा जोड, व्हॉल्व्हची ग्लँड आणि शेवटी जुने आट्याचे जोड. मोठा बुडबुडा लगेच येतो. बारीक गळतीला मात्र फेस चढायला वेळ लागतो, म्हणून प्रत्येक जोडावर मिनिटभर थांबा. उंचावरच्या लाइनींना अल्ट्रासॉनिक डिटेक्टर बरा. हायड्रोजनची ज्योत उजेडात दिसत नाही, तिथे हात किंवा तोंड जवळ नेऊ नका, थर्मल कॅमेरा वापरा.

७ बारवरच्या लाइनला १ मिलिमीटरचं छिद्र असेल तर सेकंदाला सुमारे १ लिटर वायू जातो. दिवसाला ८६ घनमीटर, म्हणजे बारा सिलिंडर. हा आकडा एकदा व्यवस्थापनासमोर ठेवला की दुरुस्तीची मंजुरी अडत नाही.

जोड घट्ट करायचा तो आधी लाइनचा दाब उतरवून. दाबाखालच्या जोडाला पाना लावू नका.

सहावी पायरी: द्रव टाकी आणि ड्यूअर

द्रव दोन बंद व्हॉल्व्हच्या मध्ये अडकला तर तो गरम होऊन पाइप फोडतोच. म्हणून अशा प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्र सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. लाइनमध्ये नवा व्हॉल्व्ह टाकला की सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट हीच. द्रव ऑक्सिजन उतरवण्याची जागा सिमेंट काँक्रीटची ठेवा, डांबराची नको. ऑक्सिजन मुरलेलं डांबर नुसत्या आघाताने भडकू शकतं.

व्हेपोरायझरवर, म्हणजे द्रवाचा वायू करणाऱ्या नळ्यांच्या संचावर, बर्फ चढणं साहजिक आहे, पण शेवटच्या नळीपर्यंत बर्फ आला तर खेच क्षमतेपेक्षा जास्त आहे. थंड गॅस पुढच्या साध्या पोलादी पाइपात शिरतो, पोलाद ठिसूळ होतं आणि तडकतं. व्हेपोरायझरनंतर तापमान पाहून पुरवठा तोडणारी यंत्रणा लावा आणि दोन व्हेपोरायझर आळीपाळीने चालवा.

टाकीच्या बाहेरच्या अंगावर एका जागी दव किंवा बर्फ धरू लागला तर आतली निर्वात पोकळी बिघडतेय. पुरवठादाराला कळवा. तोवर सेफ्टी व्हॉल्व्हमधून रोज गॅस उडत राहतो, आणि तो द्रव करण्यासाठी वीज आधीच खर्च झालेली असते. वापर कमी असलेल्या जागी मोठी टाकी ठेवण्यातही हेच होतं.

कार्बन डायऑक्साइडच्या टाकीचा दाब निरपेक्ष ५.२ बारच्या खाली गेला की आतल्या द्रवाचा कोरडा बर्फ होतो. अशी टाकी स्वतःहून पुन्हा दाबात आणायला जाऊ नका.

द्रव हाताळताना सैल, झटकन काढता येतील असे हातमोजे, चेहऱ्यावर ढाल, पँट बुटांच्या बाहेर. ड्यूअर लिफ्टमधून न्यायचा तर एकटा पाठवा, वरच्या मजल्यावर दुसरा माणूस उभा ठेवा. त्वचा गोठली तर चोळू नका. कोमट पाणी, ४० अंशांपर्यंत, आणि डॉक्टर.

सातवी पायरी: कमी गॅसमध्ये तेच काम

१ घनमीटरची टाकी नायट्रोजनने निर्धोक करायची आहे, म्हणजे आतला ऑक्सिजन हटवायचा आहे, असं धरा. निरपेक्ष दाब ४ बारपर्यंत नेऊन सोडला तर ऑक्सिजन दर वेळी एक चतुर्थांश होतो. तीन वेळा केल्यावर २०.९ वरून ०.३३ टक्के, आणि नायट्रोजन लागतो ९ घनमीटर. फक्त २ बारपर्यंत नेलं तर दर वेळी निम्मा होतो. सहा वेळा लागतात, पण नायट्रोजन ६ घनमीटरच. टाकी निर्वात सहन करणारी असेल तर ०.१ बारपर्यंत हवा ओढून नायट्रोजन भरा. दोन वेळांत ०.२१ टक्के आणि नायट्रोजन फक्त १.८ घनमीटर. एका टोकाने सोडून दुसरीकडून काढण्याची पद्धत कागदावर याहून सोपी दिसते, पण कोपऱ्यात आणि नोझलमध्ये हवा तशीच राहते. काहीही केलं तरी शेवटी मोजून खात्री करा.

मिग आणि टिग वेल्डिंगला आडोशाच्या जागी मिनिटाला १२ ते १५ लिटर बहुतेक कामांना पुरतात. प्रवाह २५ वर ठेवला की गॅस खळबळतो, बाहेरची हवा ओढून घेतो आणि सांध्यात छिद्रं पडतात. मग वेल्डर प्रवाह अजून वाढवतो.

नायट्रोजन जागेवर बनवत असाल तर शुद्धता गरजेइतकीच मागा. ९७ टक्क्यांसाठी दुपटीच्या आसपास दाबलेली हवा लागते, ९९.९९९ टक्क्यांसाठी पाचपट किंवा जास्त. ती सगळी हवा काँप्रेसरमधून, म्हणजे विजेतून येते. एका यंत्राला अतिशुद्ध नायट्रोजन लागतो म्हणून सगळ्या कारखान्याला तोच देऊ नका.

सिलिंडर किती बारवर बदलता तेही नोंदवा. १५० बारचा सिलिंडर १५ बारवर परत गेला तर दहावा हिस्सा न वापरता गेला. पूर्ण शून्यही करू नका, दोन-तीन बार राहू द्या, म्हणजे बाहेरची हवा आत शिरत नाही. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरमध्ये द्रव असेपर्यंत २० अंशांना दाब ५७ बारच राहतो. तिथे गेज पाहून उपयोग नाही, वजन करा.

हीलियम नैसर्गिक वायूबरोबर जमिनीतून निघतो आणि हवेत सुटला की परत मिळत नाही. गळती तपासणीसाठी किंवा थंड करण्यासाठी तो रोज लागत असेल तर गोळा करून परत वापरण्याची सोय करा.

विजेच्या स्विचगिअरमध्ये (उच्च दाबाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या उपकरणांत) भरला जाणारा सल्फर हेक्साफ्लोराइड मात्र वेगळ्याच मापात मोजायला हवा. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीच्या पाचव्या अहवालानुसार शंभर वर्षांच्या मापाने याचा १ किलो २३,५०० किलो कार्बन डायऑक्साइडइतका तापवतो. नायट्रस ऑक्साइडसाठी हाच आकडा २६५ आहे. या दोन्हींचा हिशोब दाबाने ठेवू नका, किलोत ठेवा. सिलिंडर आला तेव्हाचं वजन, उपकरणात भरलेलं वजन, परत गेलेलं वजन. आलेल्यातून भरलेलं आणि परत गेलेलं वजा करा. उरेल ते हवेत गेलं. स्विचगिअर दरवर्षी ‘टॉप-अप’ करावा लागत असेल तर टॉप-अपच्या नोंदवहीत उपकरणाचा क्रमांक लिहा. दोन वर्षांत एकच क्रमांक दोनदा आला की पुढचा गॅस भरण्याआधी त्याच्या फ्लँजचं सील काढून तपासा.